लीड्सची वारी आणि नंबर ४ (टी) चं खोगीर

मागच्या शनिवारी मामाला घेऊन लीड्सला जाऊन आलो, सकाळी रॉयल आर्मरीज आणि दुपारी शहराबाहेरचा जुन्या लष्करी वस्तूंचा बाजार. म्युझियमला तिकीट नाही, स्टेशनवरून चालत जाता येतं. बाजाराआधी तिथे जाच, साधी नंबर ४ ली-एनफील्ड (दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश रायफल) डाव्या बाजूने कशी दिसते ते डोळ्यात बसलं की मग स्नायपरवाली बघताना काय वेगळं आहे ते लगेच कळतं.

बाजारात एका टेबलावर गोळी झाडता येऊ नये अशी निकामी केलेली, म्हणजे डीअ‍ॅक्टिव्हेटेड "टी" होती, म्हणजे नंबर ४ ची स्नायपरवाली आवृत्ती, तिच्या नं. ३२ दुर्बिणीसकट. सगळे दुर्बिणीतून बघत होते आणि मी खाली वाकून टॉर्च मारत होतो, मामा म्हणाला, "अरे, दुर्बीण सोडून खोगीर काय बघतोस?" पण मामा, खरी गंमत खोगिरातच आहे! खोगीर म्हणजे रायफलवर दुर्बीण धरून ठेवणारी बैठक. रायफलच्या बॉडीला डावीकडे दोन पॅड स्क्रूने बसवलेले असतात, स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून कडेने ठोकलेले. त्यावर ओतीव ब्रॅकेट दोन मोठ्या अंगठास्क्रूंनी लागतो. ब्रॅकेटवर रायफलचा नंबर हवा आणि दुर्बिणीचा नंबर दस्त्याच्या मानेवर. शिवाय मागच्या साइटचं (नेम धरायच्या पट्टीचं) ठरावीक पल्ल्याचं भोक, म्हणजे बॅटल अ‍ॅपर्चर घासून काढलेलं असतं, ते शाबूत असेल तर कान टवकारा.

लोक हमखास फसतात ते "एस ५१" वर. हा हॉलंड अँड हॉलंडचा, म्हणजे साध्या रायफली स्नायपरवाल्या करून देणाऱ्या लंडनच्या बंदूक कंपनीचा कोड, दस्त्याच्या खालच्या बाजूला. पण त्यांचं काम १९४२ पासूनचं, त्याआधी एनफील्डच्या कारखान्याने १९३० च्या दशकातल्या ट्रायल (चाचणीसाठी बनवलेल्या) रायफलींपैकी १४०३ बदलून स्नायपरवाल्या केल्या होत्या, त्यांच्यावर हा शिक्का नसतोच. म्हणजे शिक्का नाही म्हणून लगेच नकली म्हणू नका, आधी रायफल कधीची ते बघा.

टेबलावरचीचं काय झालं? ब्रॅकेटवरचा नंबर जुळत होता, पण आकड्यांभोवती धातू ताजा घासलेला आणि एक आकडा वेगळ्याच वळणाचा. विकणाऱ्याला विचारलं तर तो हवापाण्यावर बोलायला लागला. सोडून दिली.

टॉर्च आणि भिंग न्या, डीअ‍ॅक्टिव्हेशनचं सर्टिफिकेट मागून घ्या आणि शक्यतो सकाळीच पोहोचा, आम्ही दोनला गेलो तेव्हा निम्मी टेबलं आवरत होती. मामाने मात्र दुर्बिणीचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, म्हणतो चिवड्याला बरा.