गळ्यातलं बटण आणि टॉवेलखालचा कॅमेरा

मुलाचा फोन होता, "आई कुठलंच यंत्र वापरत नाही, तुम्हीच समजवा." खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या आजी. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारपणानंतर रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून मदत करणारी. असे फोन नेहमीचेच. पेशंट ऐकत नाही अशी तक्रार आली की मी आधी घरातल्या वस्तूंकडे बघते.

वॉकरवर पंचा वाळत होता. खोलीतल्या कॅमेऱ्यावर टॉवेल. पडल्यावर दाबायचं गळ्यातलं बटण ड्रॉवरमध्ये, चष्म्याच्या जुन्या घरात.

आजींना वॉकर धरून उभं केलं, तर खांदे कानाला टेकायला आलेले. हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे हँडल हवं. म्हणजे धरल्यावर कोपर जरासं वाकतं आणि हातांवर भार नीट घेता येतो. हा वॉकर चांगला दोन इंच उंच होता. चारही पायांची बटणं दाबून तो दोन भोकं खाली घेतला. आजी दारापर्यंत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "मेल्याने खांदे भरून आणले होते माझे!" मेला म्हणजे वॉकर की मुलगा, ते मी विचारलं नाही.

बटणाचं दुखणं वेगळं होतं. "अगं, एकदा चुकून दाबलं गेलं. हा मीटिंग टाकून धावत आला, सुनेवर ओरडला, मग मला म्हणाला, आई, उगीच दाबत जाऊ नकोस. आता पडल्यावर मी आधी विचार करत बसू का, की ह्याला बोलावण्याइतकं लागलंय का म्हणून?"

2008 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये केंब्रिजच्या नव्वदीपुढच्या लोकांची पाहणी आली होती. पडून बराच वेळ जमिनीवर राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी मदतीची सोय असूनही ती वापरली नव्हती. वस्तू उपयोगी वाटली आणि वापरायला सोपी वाटली की माणूस ती स्वीकारतो, हे फ्रेड डेव्हिस यांचं 1989 चं मॉडेल आमच्याकडे हमखास सांगितलं जातं. पण ते ऑफिसातल्या संगणकांवरून निघालेलं. तिथे चुकीची कळ दाबली म्हणून सुनेला बोलणी बसत नाहीत.

मुलाला समोर बसवलं. बटण दाबल्यावर पहिला फोन आजींच्या शेजारच्या मैत्रिणीला जाईल असं लावलं, तिच्याकडे घराची किल्ली असतेच. मुलाचा नंबर दुसरा. मग आजींकडून मुद्दाम बटण दाबून घेतलं, पुन्हा पुन्हा. मैत्रीण दर वेळी "काय गं, पडलीस का?" म्हणून हसायची. बटण पाण्यात चालणारं आहे, तेव्हा आंघोळीलाही काढायचं नाही, हे बजावलं. पडलेलं आपोआप ओळखण्याची सोय त्यात होती, पण भिंतीला टेकून हळूच घसरलेलं माणूस सेन्सरच्या लक्षात येईलच असं नाही. दाबायची सवय हवीच.

कॅमेऱ्यावर मात्र जुंपली. "मी कुठे सारखा बघतो!" मुलगा म्हणाला. "बघतोस की नाही ते मला कसं कळणार?" आजी. लुगडं बदलायची जागा तीच. त्याऐवजी पलंगापासून बाथरूमपर्यंत हालचालीने लागणारे दिवे सुचवले. आजी लगेच तयार. मग कॅमेरा निदान पॅसेजमध्ये तरी लावू, असं मुलाचं म्हणणं. आजींचा त्यालाही नकार. मी रिपोर्टमध्ये कॅमेरा नको असं स्वच्छ लिहिलं. मी आईची बाजू घेतली असं तो अजून म्हणतो, आणि घेतलीच होती.