तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेत हे कशाला शिकवता?

पालकसभा संपली, की एक-दोघं मागे रेंगाळतात. फोनमध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं करतात, खोली रिकामी होऊ देतात आणि मग टेबलाशी येऊन आवाज खाली करून विचारतात, “मॅडम, ते जेंडर-बिंडर, लिंगओळख वगैरे शाळेत शिकवायला लागलेत म्हणे. कशाला हो? नको ते डोक्यात भरायचं आणि उद्या पोरगं तसंच व्हायचं.”

मी शाळेत समुपदेशक आहे, बावीस वर्षं झाली. हा प्रश्न पूर्वी वर्षातून एखाद्या वेळी यायचा, आता दर सभेला येतो. उभ्या-उभ्या दोन मिनिटांत देते ते उत्तर माझं मलाच अपुरं वाटतं, म्हणून एकदा बसून लिहितेय.

तासभराचा धडा ऐकून कुठलं मूल ‘तसं’ झालेलं मी पाहिलेलं नाही. एवढं आधीच सांगून टाकते, कारण ते ऐकल्याशिवाय पुढचं कोणी कानावर घेत नाही. पण तुमच्या काळजीला जुनाट म्हणून उडवून लावणाऱ्यांतलीही मी नाही. वाईट शिकवलेला धडा काय करतो, तेही मी पाहिलंय.

एका वडिलांनी मागे माझ्यासमोर खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला होता. बाहेरून आलेल्या कुणा प्रशिक्षकांनी दुसरीच्या वर्गात वाटलेली ती कार्यपत्रिका. कागदावर दहा पायऱ्यांची शिडी. खालच्या टोकाला गुलाबी बाहुली, वरच्या टोकाला निळा चेंडू. खाली लिहिलेलं, ‘तू कुठल्या पायरीवर आहेस? खूण कर.’ त्यांच्या मुलीला चेंडू आवडतो, म्हणून तिने सातव्या पायरीवर फुली मारली. आणि रात्री दिवा घालवल्यावर अंधारात विचारलं, “बाबा, मी थोडी मुलगा आहे का?”

ते गृहस्थ चिडलेले नव्हते, गोंधळलेले होते. “मी काय सांगायला हवं होतं?” एवढंच त्यांना हवं होतं. ते गेल्यावर मी पेन्सिल घेऊन ती शिडी स्वतःसाठी भरून पाहिली. मला स्वयंपाकाचा कंटाळा, बाहुल्या लहानपणीही आवडल्या नाहीत, आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर आला की दिवस बरा जातो. गेले नवव्या पायरीवर. दोन मुलांची आई आहे मी आणि स्वतःच्या बाईपणाबद्दल आयुष्यात एकदाही शंका आलेली नाही.

त्या कागदात तीन वेगळ्या गोष्टींची भेळ झाली होती. शरीर कसं आहे ही एक. मुलींनी असं वागावं, मुलग्यांनी तसं, हे लोकांनी ठरवलेले नियम ही दुसरी, त्याला आपण लिंगभाव म्हणतो. आणि आपण कोण आहोत ही आतली जाणीव ही तिसरी. चेंडू आवडणं हे फार तर दुसरीत बसतं, तिसरीशी त्याचा संबंध नाही. ज्या साच्यातून मुलांना मोकळं करायचं, तोच साचा पायऱ्या पाडून त्यांच्या हातात दिला, आणि वर त्याला पुरोगामी शिक्षण म्हटलं. पालक चिडतात तेव्हा त्यांना हे असं मांडता येत नाही, पण काहीतरी खटकतंय हे त्यांना बरोबर कळलेलं असतं.

वयाचंही आहे. अडीच-तीन वर्षांचं मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणायला लागतं, पण ही गोष्ट कपडे बदलले म्हणून बदलत नाही, हे उमगायला सहावं-सातवं वर्ष उजाडतं. लॉरेन्स कोलबर्ग या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्येच हे मांडलं होतं, आणि बालवाडीच्या कुठल्याही ताई ते न वाचता सांगतील. चार वर्षांच्या मुलासमोर एखाद्या दादाला फ्रॉक घालून उभं करा, ‘आता तो ताई झाला’ असं ते बिनदिक्कत सांगेल. ज्याचं हे अजून नुकतं पक्कं होतंय, त्याला शिडीवर उभं करणं म्हणजे बुद्धिभेद. या वयाला पुरतं ते साधं असतं: अवयवांची खरी नावं, नको असलेल्या स्पर्शाला नाही म्हणायचं, रंगांना आणि खेळांना मुलगा-मुलगी नसतं, आणि कुणी वेगळं वागलं तर त्याला चिडवायचं नाही.

बारा-तेराव्या वर्षी मात्र सांगायलाच हवं. काही माणसांची आतली जाणीव शरीराशी जुळत नाही हे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 ला तृतीयपंथी व्यक्तींना तिसरं लिंग म्हणून मान्यता दिली, हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मंजूर केलेल्या आणि 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढला, हेही. जग कसं आहे याची माहिती म्हणून सांगा. स्वतःला चाचपून बघण्याचा गृहपाठ तेवढा देऊ नका.

आता ‘तसंच झालं तर’ या भीतीबद्दल. तिच्यामागे नुसत्या अफवा नाहीत. आतली जाणीव शरीराशी न जुळणाऱ्या मुलांसाठी इंग्लंडमध्ये एकच राष्ट्रीय सेवा होती. 2011-12 मध्ये तिच्याकडे जेमतेम 250 मुलं पाठवली गेली, 2021-22 मध्ये 5000 हून जास्त, आणि त्यात किशोरवयीन मुली बहुसंख्य. आकडा वाचला की कुठल्याही आईच्या पोटात गोळा येईल. तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. हिलरी कॅस यांनी एप्रिल 2024 मध्ये या सगळ्याचा सविस्तर अहवाल दिला. वाढीला कुठलं एक कारण त्यांनी ठरवलं नाही, अनेक गोष्टी मिळून हे घडतंय असं म्हटलं. दुसरीकडे, ‘हे मैत्रिणींकडून लागतं’ असं सांगताना ज्या 2018 च्या अमेरिकी अभ्यासाचा दाखला देतात, त्यात प्रश्न फक्त पालकांना विचारले होते. मुलांशी कोणी बोललंच नव्हतं, आणि पुढच्याच वर्षी त्या नियतकालिकाला तो दुरुस्तीसह पुन्हा छापावा लागला. ‘शाळेने बिघडवलं’ असं छातीठोकपणे सांगणारा आणि ‘वातावरणाचा काहीही संबंध नाही’ असं सांगणारा, दोघांवरही मी विश्वास ठेवत नाही.

खरं दुखणं मला दुसरीकडे दिसतं. तो कागद त्या वडिलांना दप्तरात सापडला होता, शाळेने दाखवला नव्हता. त्यांनी वर्गशिक्षिकेला विचारलं, तर उत्तर आलं की ते साहित्य संस्थेचं आहे, बाहेर देता येत नाही. तिथे मी मान खाली घातली. हा आजार एकट्या आमच्याकडचा नाही. इंग्लंडमध्येही धडे बनवणाऱ्या बाहेरच्या संस्था कॉपीराइट पुढे करून पालकांना साहित्य दाखवू देईनात, तेव्हा 2023 मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्री गिलियन कीगन यांना पत्रं लिहून बजावावं लागलं, की पालकांना बघण्याचा हक्क आहे. अमेरिकेत मेरीलँडमधल्या एका जिल्ह्यात अशा विषयांची गोष्टीची पुस्तकं वर्गात आली, तेव्हा पालकांना आधी कळवत आणि मूल बाहेर बसवू देत. 2023 मध्ये ती मुभा काढून घेतली आणि मग वेगवेगळ्या धर्मांचे पालक एकत्र कोर्टात गेले. जून 2025 मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन असा कौल पालकांच्या बाजूने दिला. मुभा होती तोवर हे भांडण कोर्टाच्या पायरीपर्यंत गेलेलं नव्हतं.

आपल्याकडे उलटं झालं. 2021 मध्ये एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी मार्गदर्शिका काढली, आक्षेप आले, आणि काही दिवसांत ती संकेतस्थळावरून गायब झाली. त्यातलं काही मलाही पटलं नव्हतं. पण चर्चा करून पानं बदलता आली असती. न दाखवता शिकवणं आणि न बोलता काढून टाकणं, दोन्ही मला एकाच माळेचे मणी वाटतात.

मूल त्या तासाला घरी ठेवलं तर? ठेवायचं तर ठेवा. फक्त मधल्या सुट्टीत त्याला तोच धडा दोस्तांकडून मिळणार आहे, तिखटमीठ लावून.

इथपर्यंत मी तुमच्या बाजूने बोलले. आता माझी एक चूक सांगते, ती तुम्हाला कदाचित आवडणार नाही.

आठवीतल्या एका मुलाची आई आली होती. ते मूल मुलगा होतं की मुलगी हे मी लिहिणार नाही, आणि त्यासाठी मराठीचे मनापासून आभार मानते, कारण ‘ते मूल’ म्हणायची सोय आपल्याकडे आहे. आईची तक्रार एवढीच, की पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी परत येते. सकाळी जेवढं पाणी, तेवढंच संध्याकाळी. दोनदा लघवीचा संसर्ग होऊन गेलेला. मी मुलाला बोलावलं. तिसऱ्या भेटीत ते बोललं. स्वच्छतागृहात जायला लागू नये म्हणून ते पाणीच पीत नव्हतं. आत इतर मुलं दाराखालून वाकून बघायची, चिडवायची. का चिडवायची, तेही त्याने सांगितलं, आणि ते सांगताना त्याची वाक्यं तुटत होती. इंग्रजीत ‘आय’ म्हणून सुटता येतं. आपल्या भाषेत ‘मी गेलो’ म्हणायचं की ‘गेले’, हे जवळजवळ दर वाक्याला ठरवावं लागतं. ते मूल क्रियापदापाशी येऊन थांबायचं आणि वाक्य सोडून द्यायचं. शेवटी म्हणालं, “घरी नका सांगू.”

मी संध्याकाळी घरी फोन केला. आईला सांगायलाच हवं, मी कोण लपवणार, असं मला वाटलं, आणि अजूनही ते पूर्ण चूक होतं असं वाटत नाही. पण मी सगळं सांगितलं, एका दमात. फोन स्पीकरवर होता आणि वडील शेजारी बसले होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मूल अकरा दिवस शाळेत आलं नाही. आलं तेव्हा माझ्या खोलीवरून जाताना तोंड भिंतीकडे करून गेलं. वर्ष संपेपर्यंत तसंच.

आता मी काय करते? आधी स्वच्छतागृहाचा प्रश्न सोडवते, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही; शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली दिली की पाणी प्यायला लागतं मूल. तब्येतीचं आणि चिडवण्याचं आई-वडिलांना त्याच दिवशी सांगते. आतल्या जाणिवेचं मात्र मुलाला विचारते: घरी आधी कोणाला सांगायचं, कधी, आणि मी शेजारी बसू का? बहुतेक मुलं एक नाव सांगतात. आत्या, मोठी बहीण, कधी चक्क आजोबा. तिथून दार उघडतं. घरी मार बसेल अशी खरीच भीती असेल, तर मामला बालसंरक्षणाचा होतो आणि तो रस्ता निराळा. पण तो अपवाद. शाळेत एक नाव आणि घरी दुसरं, आणि शिक्षकांनी पालकांना चुकवत फिरायचं, हे मी करत नाही. कॅस यांच्या अहवालातही हेच आहे, की नाव-वेश बदलणं ही बिनपरिणामाची गोष्ट नाही, लहान मुलांच्या बाबतीत तर फारच जपून, आणि पालक सोबत हवेत. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये कायदा करून उलट बाजू धरली: मुलाच्या परवानगीशिवाय पालकांना कळवण्याची सक्ती शिक्षकांवर करता येणार नाही. त्यामागची भीती मला कळते. तो स्पीकरवरचा फोन मीच केला होता.

शिडीचा कागद आम्ही पुढच्या पालकसभेत पडद्यावर लावला. मुख्याध्यापक नको म्हणत होते, भडका उडेल म्हणून. भडका उडाला नाही. एक आई म्हणाली, “मी आठव्या पायरीवर,” आणि खोलीत हशा पिकला. मग तासभर भांडण झालं, चांगलं कडकडून, आणि दुसरीसाठी तो कागद रद्द करून आठवीसाठी वेगळा पाठ ठरला. तो शिकवण्याआधी पंधरा दिवस घरी जातो. दोन पालकांनी मुलांना घरी ठेवायचं ठरवलं. ठीक आहे.

त्या आठवीतल्या मुलाचं पुढे काय झालं, हेही तुम्ही विचारता. मला माहीत आहे. सांगणार नाही, या खेपेला तरी.