तुम्ही विचारलंत म्हणून: भांगेच्या बियांनी चढते का?

हेम्प सीड ऑइलची, म्हणजे भांगेच्या बियांच्या तेलाची बाटली पाहिली की दोन प्रश्न हमखास येतात. 'हे भांगेचंच ना, मग चढणार नाही का?' आणि 'हेच ते सीबीडी तेल का?' (सीबीडी हा भांगेच्या फुला-पानांतला एक घटक.) दोन्हींचं उत्तर 'नाही'. झाड तेच, पण त्याचा कुठला भाग वापरलाय यावर सगळं ठरतं.

मुळात ताग वेगळा आणि अंबाडीही वेगळी. इंग्रजीत त्यांनाही हेम्प म्हणतात, म्हणून घोळ होतो. आपण बोलतोय ते कॅनाबिस सटायव्हाबद्दल. त्याच्या मादी फुलांवर आणि फुलांभोवतीच्या लहान पानांवर चिकट ग्रंथी असतात. भिंगातून पाहिलं तर टाचणीच्या डोक्याएवढे चकचकीत थेंब दाटीने बसलेले दिसतात. त्या चिकात आधी सीबीजीए हे आम्ल तयार होतं आणि झाडाच्या वाणानुसार त्याचं मुख्यतः टीएचसीए किंवा सीबीडीए होतं. उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी किंवा सीबीडी उरतं. नशा येते ती टीएचसीने, सीबीडीने नाही.

बीमध्ये या ग्रंथीच नाहीत. तिच्यावर सापडतो तो फुलाचा लागलेला चीक, म्हणून बी किती स्वच्छ केली आहे याला महत्त्व. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२१ मध्ये हेम्पच्या बियांना अन्न म्हणून मान्यता देताना टीएचसीची मर्यादाही घातली: बियांत किलोला ५ मिलिग्रॅम, तेलात १०. सीबीडी तेल फुला-पानांच्या अर्कापासून बनतं आणि आपल्याकडे ते 'विजया' या नावाने आयुर्वेदिक औषध म्हणून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. बाटलीवर सीबीडीचे मिलिग्रॅम लिहिलेले असतील तर ते स्वयंपाकाचं तेल नव्हे. आणि बी खाण्याला मुभा असली तरी परवान्याशिवाय झाड लावणं १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कुंडीतही नको.

आता स्वयंपाकघर. बीमध्ये साधारण ३० टक्के तेल आणि २५ टक्के प्रथिनं असतात. तेलात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ या स्निग्धाम्लांचं प्रमाण जवळपास ३:१. जवसासारखंच हे तेल हवा, उजेड आणि उष्णतेने पटकन खवट होतं. म्हणून गडद बाटली, फ्रिज आणि वरून घालणं. फोडणी किंवा तळण अजिबात नको. वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा यायला लागला की टाकून द्या.

अख्खी बी वापरायची तर उत्तराखंडातल्या कुमाऊंची चटणी शिकून घ्या. दोन मोठे चमचे बी कोरड्या कढईत मंद आचेवर परता. पहिल्या काही बिया तडतडल्या की लगेच उतरवा. करपली तर कडवट होते आणि मग लिंबानेही सावरत नाही. गार झाल्यावर थोडं पाणी घालून वाटा आणि गाळणीतून दाबून गाळा. गाळायचा कंटाळा केला तर टरफल दाताखाली वाळूसारखं कचकचतं. बहुतेकांची चटणी इथेच बिघडते. गाळलेल्या दाट पांढुरक्या रसात भाजलेलं जिरं, हिरवी मिरची, कोथिंबीर वाटून घाला, मीठ घाला आणि लिंबू सढळ हाताने पिळा.

सोललेली बी आणली असेल तर भाजायची, गाळायची गरज नाही, पण टरफलाचं संरक्षण गेल्यामुळे ती लवकर खवट होते. लहान पुडा घ्या, फोडल्यावर फ्रिजमध्येच ठेवा.