बोटांनी रंगवताना : सहावा पुठ्ठा

मागच्या नोंदीत जपानी चित्रकार ताकाशी मुराकामींच्या हसऱ्या फुलांवर थांबले होते. बारा पाकळ्या, प्रत्येक पाकळीला रंगाचे तीन हात, कडेला मास्किंग टेप. काम आवडलं, पण त्या सपाट शैलीत हाताची खूण दिसली की चित्र फसलं. मला नेमकी तीच खूण हवी होती, म्हणून हा महिना आयाको रोक्काकुचा.

१९८२ साली चिबात जन्मलेली ही जपानी चित्रकार स्वतःच शिकली. आधी रेखाटन नाही, ब्रश नाही. अ‍ॅक्रिलिक थेट हातावर घ्यायचं आणि पुठ्ठ्यावर किंवा कॅनव्हासवर फिरवायचं. मोठ्या डोळ्यांच्या, जरा घुश्शातल्या मुली आणि भोवती रंगांचे ढग.

पहिले तीन पुठ्ठे चिखल झाले. ओल्या पिवळ्यावर जांभळा गेला की तपकिरीच उरतो, मग वर कितीही गुलाबी थापा. तिची चित्रं पुन्हा जवळून पाहिली. गर्दी एवढी, तरी एकेक रंग स्वच्छ! चौथ्यापासून बोटं वाटून घेतली : तर्जनी पिवळी, मधलं गुलाबी, अनामिका फिरोजी, अंगठा फक्त पांढऱ्याचा. एक थर दिला की हात धुऊन गप्प बसायचं. पातळ थर दहा-पंधरा मिनिटांत वाळतो, पावसाळी हवेत बराच जास्त वेळ घेतो. तेवढं थांबलं की जांभळ्याशेजारचा पिवळा अक्षरशः पेटतो.

खोक्याचा पुठ्ठा पाणी पितो आणि वाकतो. दोन्ही बाजूंना जेसो, म्हणजे रंगाआधी द्यायचं अस्तर, लावल्यावर सरळ राहिला. मधेमधे कोरा खाकी भाग मात्र मुद्दाम सोडते, त्यावर गुलाबी फार गोड दिसतो.

एक कळकळीची सूचना : कॅडमियम आणि कोबाल्ट या विषारी धातूंपासून केलेल्या रंगांच्या ट्यूब उघड्या हातांनी वापरू नका. नावापुढे ‘ह्यू’ (छटा तीच, पण तो धातू न वापरता केलेली) लिहिलेल्या घ्या, पण मागचं लेबल वाचूनच. बोटाला चीर असेल त्या दिवशी सुट्टी.

सहाव्यावर डोळे योशितोमो नारा या जपानी चित्रकाराच्या वळणाने केले, करंगळीने पातळ रंगांचे सात थर. डावा जमला, खोल आणि ओलसर. उजवा अजून बटणासारखा दिसतो.

हात आता सारवताना फिरतो तसा अर्धगोलात सैल फिरतोय, पण एवढ्याशा पुठ्ठ्यावर मनगटाशीच अडतो. शेजाऱ्यांकडून फ्रिजचं खोकं मागून आणलंय. त्याला आज जेसोचा पहिला हात दिला.