तुम्ही विचारलंत म्हणून: साध्या पेट्रोल गाडीला टर्बो बसवावा का?

गोव्यात डिचोलीला गॅरेज आहे म्हटलं की खाणीच्या टर्बोवाल्या डिझेल टिपरांवर हात बसलेला असणार, म्हणजे टर्बोतलं सगळं कळत असणार, असं लोक धरून चालतात. मग ठरलेला प्रश्न येतो: "बाब, माझ्या बाराशे सीसीला टर्बो बसवून द्याल? चोर्ला घाटात फार दमते."

बसवता येतो. टर्बो म्हणजे एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एकाला फिरवतो, दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. मिनिटाला लाखाच्या वर फेरे होतात. हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त जाळता येतं, एवढंच गणित.

पण टिपरचं ज्ञान इथे अर्धंच चालतं. डिझेल इंजिनात आधी नुसती हवा दाबतात आणि इंधन मागाहून सोडतात. तुमच्या गाडीत पेट्रोल आधीच हवेत मिसळलेलं असतं. कंपनीने ते इंजिन टर्बोशिवाय चालायचं म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातलं मिश्रण किती पट दाबायचं ते, 10 किंवा 11 ला 1 असं चढं ठेवलेलं असतं. त्यात आणखी हवा कोंबायची, आणि दाबलेली हवा तापते. मे महिन्यात बाहेर 35 अंश असताना 0.4 बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) दिला, तर टर्बोतून हवा 80 अंशांच्या आसपास बाहेर पडते. तिला थंड करणारा इंटरकूलर नसेल तर ती तशीच आत जाणार. मग प्लगची ज्वाला पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. हेच नॉकिंग.

असं चाललेल्या एका इंजिनाचे प्लग मी काढले होते. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक ठिपके, उजेडात धरले की चमकणारे. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. हेड उघडल्यावर दोन रिंगांमधली पिस्टनची कड तुटलेली निघाली. गाडी घेऊन आलेल्याची तक्रार मात्र "ऑइल जरा जास्त खाते" एवढीच.

म्हणून टर्बो हा बिलातला लहान आकडा. धूर टर्बोकडे नेणारा वेगळा मॅनिफोल्ड, ऑइलची येण्या-जाण्याची लाइन, मोठे इंजेक्टर, प्लगच्या ठिणगीचं टायमिंग मागे घेणारं ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) ट्यूनिंग, जाड क्लच. बूस्ट वाढवायचा तर फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले मजबूत पिस्टनही. आणि ब्रेक? ते कोणी विचारतच नाही.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं ते निराळंच.

तेव्हा घाटात दमणाऱ्या गाडीचं मी आधी एअर फिल्टर, क्लच आणि कॉम्प्रेशन बघतो. पूर्वी तोच चढ सहज चढणारी गाडी आता दमत असेल, तर दोष बहुधा तिथेच सापडतो. सगळं ठीक निघालं आणि तरी ताकद हवी असेल, तर ही विकून कंपनीतूनच टर्बो लागून आलेली घ्या. तिचे पिस्टन, कूलिंग, गिअरबॉक्स त्या हिशोबानेच केलेले असतात. फक्त घाट चढून आल्या आल्या तीही बंद करू नका, मिनिटभर चालू ठेवा. तापलेल्या टर्बोत थांबलेलं ऑइल करपतं. हे मात्र टिपरवाल्यांकडूनच शिकलो.