तिसऱ्या सेटला सात थ्रो

मी ग्वाल्हेरला लष्कर भागात ज्युडो शिकवतो, आणि जानेवारीतला एक दिवस काही डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. 66 किलो गटातला एक पोरगा आहे आमच्याकडे, मराठी घर, आजोबा जुने आखाड्यातले. रोज पहाटे धुक्यात दहा किलोमीटर पळणार, कधी खाडा नाही, आणि तरी मॅचमध्ये पहिली दोन मिनिटं वाघ अन् तिसऱ्या मिनिटाला समोरच्याच्या कॉलरवरची पकड सुटलेली. मी त्याला सगळ्यांसमोर बोललो होतो, तू मनानेच हरतोस म्हणून.

त्या दिवशी ज्युडोची फिटनेस टेस्ट घेतली. दोन पार्टनर सहा मीटरवर समोरासमोर, हा मधोमध, शिट्टी झाली की धावत जाऊन एकाला इप्पोन सेओई नागे, म्हणजे एक हात धरून खांद्यावरून फेकायचं, वळून दुसऱ्याला, असं आधी 15 सेकंद, मग 30, परत 30, मधे फक्त दहा-दहा सेकंद थांबायचं. पहिल्यात 6 थ्रो, दुसऱ्यात 9. तिसऱ्यात मी त्याच्या हातांकडेच बघत होतो, बोटं बाहीपर्यंत पोचायची पण मिटायचीच नाहीत, मनगटापासून कोपरापर्यंत हात दगडासारखे भरलेले, आणि पोरगा तरी थांबेना, अडखळत दुसऱ्याकडे जातच होता. 7 झाले. एकूण 22. संपल्यावर ठोके 190, मिनिटभराने 168, दोन्हींची बेरीज भागिले 22, म्हणजे 16.27. हा आकडा जितका कमी तितकं बरं, आणि हा चांगलाच जास्त होता.

मनाने हरणारा असा जात नाही हो. तिथेच सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली.

चूक तयारीत होती. ज्युडोची मॅच चार मिनिटांची, त्यात वीस-तीस सेकंद जीव तोडून झटापट, मग पंचांचं ‘माते’, म्हणजे ‘थांबा’, झालं की जेमतेम दहा सेकंद श्वास. स्नायूतला तयार साठा पहिल्या काही सेकंदांतच संपत येतो, मग ऑक्सिजनशिवाय साखर जाळून काम चालतं आणि हात भरून येतात, आणि हे सहन करायची सवय एका लयीत दहा किलोमीटर पळून लागतच नाही. पळणं वाया जातं असं नाही, मधल्या दहा सेकंदांत साठा परत भरतो तो ऑक्सिजनवरच, म्हणून आठवड्यातून एक दिवस पळणं ठेवलं.

बाकी तीन दिवस उचिकोमी, म्हणजे पार्टनरला न फेकता थ्रोमध्ये पुन्हापुन्हा शिरायचं, 20 सेकंद पूर्ण ताकदीने, 10 सेकंद थांबा, आठ वेळा, म्हणजे बरोबर चार मिनिटं. जपानचे संशोधक तबाता यांनी 1996 मध्ये हेच 20-10 सायकलवर दाखवलं होतं, सहा आठवड्यांत दमही वाढला आणि ऑक्सिजनशिवाय काम करायची ताकदही. आमच्यात त्यानंतर पाच मिनिटं नुसतं पायी चालायचं आणि परत एकदा तेच, त्याहून जास्त मी देत नाही, पोरं चुरगळतात.

आजोबा आले विचारायला, पळणं कमी केलंत तर दम कसा राहील? सगळं समजावलं तर जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “अहो, आमचे वस्ताद एकामागोमाग एक ताजा गडी अंगावर सोडायचे, श्वास घेऊ द्यायचे नाहीत, ते हेच की!”

हेच, आजोबा.

सहा आठवड्यांनी परत टेस्ट. 6, 10, 9. ठोके 186, मिनिटाने 154. 13.6. तिसऱ्या सेटला बोटं मिटत होती, मी जवळ जाऊन बघितलं. आता गोल्डन स्कोअरची, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या जादा वेळेची, तयारी करून घ्यायचीय, तिथे तर वेळेची मर्यादाच नाही.