कोल्हापूरकर मित्राला सायप्रसचं गाव दाखवलं (जाणाऱ्यांसाठी सूचनांसकट)

मी लिमासोलला जहाजांच्या ऑफिसात नोकरीला आहे, सहा वर्षं होत आली. इथे येणारा प्रत्येक पाहुणा दोन दिवस समुद्र बघतो, किल्ला बघतो आणि तिसऱ्या दिवशी विचारतो, आता काय? यावेळी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजचा मित्र आला, पक्का कोल्हापूरकर, आणि त्याने एअरपोर्टवरच सांगून टाकलं की बीच राहू दे लका, इथली माणसं सकाळी उठून काय करतात ते दाखव. म्हटलं चल, वर गावाकडे जाऊ.

वर म्हणजे ट्रूडोस डोंगराच्या दक्षिण उतारावर. लिमासोलपासून तिथलं ओमोडोस गाव साधारण चाळीस किलोमीटर, पण वळणंच एवढी की पाऊण-एक तास धरा. बस आहे पण फेऱ्या कमी, आणि परतीची चुकली की संपलं, त्यामुळे गाडी भाड्याने घ्या. सायप्रस 1960 पर्यंत इंग्रजांकडे होतं म्हणून ट्रॅफिक डाव्या बाजूने, स्टिअरिंग उजवीकडे, आपल्याला काहीच वेगळं वाटत नाही. इंटरनॅशनल परमिट तेवढं भारतातून निघतानाच काढून आणा. प्लगसुद्धा इंग्लंडसारखा तीन चौकोनी पिनांचा, आपला गोल पिनवाला चार्जर बसत नाही, हे मित्राला सांगायचं मी विसरलो आणि आठवडाभर माझ्याच चार्जरवर दोघांचे फोन.

ओमोडोस बघाच, पण सकाळी नऊच्या आत पोचा आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी. अकरा वाजले की टुरिस्ट बसेस येतात आणि चौकाची जत्रा होते. मधोमध दगडी फरसबंदी आणि तिथेच तिमिओस स्टाव्रोस म्हणजे पवित्र क्रॉसचा मठ. येशूला ज्या दोरीने बांधलं तिचा तुकडा इथे आहे असं मानतात. आत जायचं तर खांदे-गुडघे झाकलेले हवेत. मित्र हाफ पँटमध्ये, मग मी आधी आत जाऊन आलो आणि नंतर मठाच्या मागच्या गल्लीत आम्ही पँटी बदलल्या, यावर जास्त लिहीत नाही. तिथून जवळच लिनोस आहे, द्राक्षं दाबायचा जुना लाकडी दाब, केवढा मोठा तो, तो बघा. आणि आर्कातेना नावाचा पाव मिळतो, हरभरे आंबवून त्याच्या फेसावर पीठ फुगवतात, थोडा कडक टोस्टासारखा पण घ्या, चहात बुडवायला एक नंबर. मित्र म्हणे आपण हरभऱ्याचं एवढं सगळं करतो, हे कुणाला कसं सुचलं नाही.

पण खरं गाव बघायचं तर ओमोडोस सोडून पुढे जायचं. आम्ही गेलो ते गाव तिथून पाचेक किलोमीटरवर, नाव मुद्दाम देत नाही, तिथे ऑफिसमधल्या एका सायप्रियट सहकाऱ्याची आजी राहते आणि तिच्या दारात उद्या गर्दी नको. या भागातलं कुठलंही छोटं गाव धरा, मांडणी तीच: एक चर्च, एक कॉफीचं दुकान, बाकी मांजरं.

त्या कॉफीच्या दुकानाला कॅफेनेस म्हणतात. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर फुटबॉल क्लबचं कॅलेंडर, आणि सत्तरीपुढचे पाच-सहा आजोबा. आत शिरल्यावर सगळ्यांना मिळून "कालिमेरा", म्हणजे सुप्रभात, म्हणायचं, न बोलता कोपऱ्यात जाऊन बसलात तर तुम्ही टुरिस्ट. कॉफी मागताना साखर आधीच सांगावी लागते कारण ती पितळी दांड्याच्या भांड्यात कॉफीबरोबरच उकळते: स्केतो म्हणजे बिनसाखरेची, मेत्रियो मध्यम, ग्लिको गोड. चमच्याने ढवळायची नाही! मित्राने ढवळली, खाली बसलेला सगळा गाळ वर, आणि पहिल्याच घोटाला चेहरा असा झाला की शेजारचे आजोबा टेबलावर हात आपटून हसले. मालकाने काही न बोलता दुसरा कप आणून ठेवला. कप वरवर प्यायचा, गाळ तळाशी सोडायचा, बरोबर थंड पाण्याचा ग्लास असतोच.

त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, कुठले? इंडिया म्हटल्यावर थोडा विचार करून म्हणाले, "तिमाया." मला आधी कळेना. मग ट्यूब पेटली, आपल्या भारतीय लष्कराचे जनरल थिमय्या. इथल्या युनोच्या शांतिसेनेचे ते कमांडर होते आणि 1965 च्या डिसेंबरमध्ये सायप्रसमध्येच वारले, पुढच्या वर्षी सायप्रसने त्यांचं पोस्टाचं तिकीटही काढलं. इथल्या डोंगरातल्या माणसाच्या तोंडी ते नाव ऐकून मित्र एकदम सावरून बसला.

निघताना पैसे द्यायला गेलो तर मालक मान हलवतो, दिलेत म्हणे. कुणी, ते सांगत नाही. याला केरास्मा म्हणतात, पाहुण्याची कॉफी कुणीतरी परस्पर देऊन टाकतं. आपल्यासारखी बिलावरून झटापट करू नका, सगळ्यांकडे बघून "एफ्हारिस्तो", म्हणजे धन्यवाद, म्हणा आणि निघा. तरी थोडी रोख रक्कम खिशात असू द्या, दरवेळी आजोबा भेटतीलच असं नाही.

आता माझी चूक. आजीचं घर मोबाइलच्या मॅपवर टाकून मी गाडी गावात घातली. गल्ली अरुंद होत गेली, दोन्हीकडे दगडी भिंती, आरसे मिटले, आणि एका वळणानंतर समोर चक्क पायऱ्या. मागे वळायला जागाच नाही. मग अख्खी गल्ली रिव्हर्समध्ये, मित्र मागे उभा राहून "ये, ये, ये, थांब थांब" करतोय, आणि एक काकू खिडकीतून ग्रीकमध्ये नेमकं उलटं सांगतायत. डाव्या दाराला ओरखडा आलाच. तेव्हा गाडी गावाच्या तोंडाशी लावा आणि चालत जा, दहा मिनिटांत गाव पार होतं. इन्शुरन्समध्ये ओरखडे धरलेत का तेही आधीच विचारून घ्या, मी विचारलं नव्हतं.

आजीच्या अंगणात पोचलो आणि मित्र दारातच थबकला. चुलीवर मोठं भांडं, त्यात द्राक्षाचा रस रटरटतोय, आजी लांब लाकडी दांड्याने ढवळतेय, वर गोडसर धूर. "अरे भावा, हे तर गुऱ्हाळ!" आणि खरंच, काहिलीत उसाचा रस उकळतो तसंच सगळं, फक्त ऊस नाही. रस आधी पांढरी माती टाकून निवळून घेतात, मळी काढतात, मग गार रसात पीठ कालवून पुन्हा घट्ट होईपर्यंत ढवळतात, त्यात गुलाबपाणी. याला पालूझे म्हणतात, वाटीत गरम गरम खायचं, वर बदाम. आणि त्यातच बदाम ओवलेले लांब दोरे बुडवून काढून टांगतात, वाळले की पुन्हा बुडवतात, असं करत करत जाड काकडीएवढं होतं, त्याचं नाव सुजूको. ओसरीवर ओळीने टांगलेले दिसले तर फोटो काढायच्या आधी विचारा. हे बघायचं असेल तर द्राक्षं उतरल्यानंतरचे दिवस, सप्टेंबर शेवट ते ऑक्टोबर, याच हिशोबाने या.

आजी दिसल्या दिसल्या म्हणाली "कोप्यास्ते", म्हणजे आपलं "या, बसा, घास खा". नाही म्हणायची सोय नाही. मित्र त्या दिवशी शाकाहारी, गुरुवार होता. माझी टिप: निस्तीसिमो म्हणा, म्हणजे उपवासाचं, त्यात मांस-दूध-अंडं काही नसतं. पण सावध राहा, इथल्या उपवासाला ऑक्टोपस आणि कोळंबी चालते! आमच्या नशिबी लूव्ही आली, म्हणजे चवळीच, भाजीबरोबर उकडून वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. मित्राने दोनदा घेतली आणि हळूच म्हणाला, लसूण-मिरचीची फोडणी दिली असती तर. मी त्याला गप्प केला. हलूमी चीज मात्र आजीनेच आणून ताटात टाकलं, पुदिना घातलेलं, तव्यावर भाजूनही वितळत नाही, दाताखाली चुरचुरतं.

जेवण झालं की निघा. दुपारी दोन ते चार गाव झोपतं, त्या वेळात दार वाजवणं, मोठ्याने बोलणं, सगळं वाईट दिसतं. आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. मी गावाखालच्या बेकरीतून मिठाई नेली होती. मित्राने मात्र बॅगेतून कोल्हापुरी गुळाची छोटी ढेप काढली, ती मला माहीतही नव्हती. आजीने वास घेतला, कोपरा फोडून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "एप्सिमा!" मग लगबगीने आत गेली आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत काळंभोर दाट काहीतरी घेऊन आली. द्राक्षाची काकवी.

ती बाटली विमानात हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत, चेक-इनमध्ये टाका, झाकणावर चिकटपट्टी आणि बाहेरून दोन पिशव्या. त्याने तसंच केलं, तरी एक शर्ट गेलाच. परवा फोटो आला: ज्वारीची भाकरी, तुपाची धार आणि शेजारी वाटीत एप्सिमा. खाली लिहिलंय, आईने विचारलंय आजीला अजून ढेप पाठवू का.